कुडाची भिंत

डहाणू तालुक्यातले गंजाड हे गाव जगाला ठाऊक झाले ते जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. त्यांची चित्रे कागदावर, कापडावर देशोदेशी पोहोचली. पण वारली चित्र मूळचे भिंतीवरचे. लग्नघरी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात तो कुडावर. चित्राचे कौतुक आपण पुष्कळ केले. आज थोडे त्या भिंतीबद्दल बोलू.

लाकडी खांब रोवायचे, मधे कारवीच्या काठ्या उभ्या लावून आडव्या कामट्यांनी बांधायच्या आणि शेणमातीने लिंपायचे, झाला कुड. कारवीला सात-आठ वर्षांतून एकदा फुले येतात, बी पडले की झुडूप वाळते आणि त्या बियांतून नवे रान उगवते. म्हणजे भिंत रानातच पिकते. तिला भट्टी लागत नाही. घर मोडले तर मातीची माती होते.

सिमेंटचे तसे नाही. त्यासाठी चुनखडी सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते. इंधनाचा धूर होतो तो वेगळाच. चुनखडीच्या पोटातला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो आणि सिमेंटचा निम्म्याहून अधिक वायू हा असा दगडातून येतो. माणूस जगभर हा वायू जेवढा हवेत सोडतो, त्यातला सात-आठ टक्के सिमेंटचा. विटेची कथाही भट्टीचीच. या भागातली किती आदिवासी कुटुंबे भातकापणी आटोपली की वीटभट्टीवर जातात! विटा थापायच्या दुसऱ्याच्या पक्क्या घरासाठी, राहायचे भट्टीशेजारच्या झोपडीत.

मग लोक कुड सोडून सिमेंटकडे का वळतात? त्यांना वेडे ठरवू नये. कुड पुन्हापुन्हा लिंपावा लागतो, खालून कुजतो, वाळवी लागते. ‘पक्के’ या शब्दाला मानही आहे. मातीच्या घराची गाणी गाणे आम्हा कवींना सोपे. लिंपणारे हात बहुधा बाईचे असतात.

मात्र नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या जमिनीनेच वेगळा प्रश्न विचारला. धुंदलवाडीच्या आसपास महिनोन्‌महिने भूकंपाचे धक्के बसत राहिले. घरांना तडे गेले, लोक ऐन थंडीत बाहेर झोपले. भूकंपात वजन जितके जास्त, तितका हिसका मोठा. आधाराविना बांधलेली विटांची भिंत कोसळली तर माणूस चिरडतो. हलका कुड डोलतो. लिंपण गळाले तर ते पुन्हा लिंपता येते.

सगळे मातीचे की सगळे सिमेंटचे, असा हा सौदा नाही. जोते दगडाचे आणि चांगले उंच असले की ओल भिंतीत चढत नाही. छपराची वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढली की पावसाची झड भिंतीला लागत नाही. खांब मातीत न पुरता छोट्या काँक्रीटच्या पायावर लोखंडी पट्टीने जखडला, तर त्याचा बुंधा कोरडा राहतो. सिमेंट एवढ्यापुरतेच, कालवणात मीठ पडते तितके. विटा घ्यायच्याच असतील तर कोळशाच्या राखेच्या पाहाव्यात. त्या भाजाव्या लागत नाहीत.

घरकुल मंजूर झाले असेल तर विटांचा दर विचारण्याआधी अभियंत्याला विचारावे, भिंतींच्या माथ्यावरून सळईचा सलग पट्टा फिरणार आहे का? आणि शेजारचा जुना कुड पाडण्याची घाई करू नये. चैत्र-वैशाखातल्या दुपारी घरातली म्हातारी माणसे तिथेच जाऊन पडतील.