विश्लेषण : नक्षी शिल्लक, तरी टायर बाद? जुन्या छोट्या गाडीसाठी टायर निवडताना काय पाहावे?

घरासमोर उभी असलेली दहा-बारा वर्षांची अल्टो, सँट्रो किंवा वॅगन-आर. रोजच्या कामाला दुचाकी, त्यामुळे गाडी निघते ती बाजारहाट, लग्नकार्य आणि वर्षातून दोनदा गावाला. टायरकडे पाहिले तर खाचा अजून खोल दिसतात. मग ते बदलायचे कशाला? अनेक घरांत टायरचा खर्च याच प्रश्नावर पुढे ढकलला जातो. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर मात्र घासून संपण्याआधी वयाने संपतात. पावसाळ्यात किंवा द्रुतगती मार्गावर हा फरक थेट जिवावर बेतू शकतो.

टायर न घासताही खराब कसा होतो?

टायरचे रबर लवचीक असते, म्हणून ते रस्त्याला चिकटून चालते. ऊन, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजनमुळे हे रबर हळूहळू कडक होत जाते. गाडी उभी असली तरी ही प्रक्रिया थांबत नाही. महिनोन्महिने एकाच जागी, कमी हवेवर उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर तर जास्त ताण येतो. कडक झालेल्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात.

हिशेब सोपा आहे. टायरचे आयुष्य साधारण ४० हजार किलोमीटर धरले आणि गाडी वर्षाला ४ हजार किलोमीटर चालत असली, तर नक्षी संपायला १० वर्षे लागतील. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची तपासणी करावी आणि दिसायला चांगला असला तरी १० वर्षांपुढे वापरू नये, असे टायर कंपन्या सांगतात. काही कार कंपन्या तर सहाव्या वर्षीच बदलण्याचा सल्ला देतात.

टायरचे वय कुठे लिहिलेले असते?

टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा एक लांब क्रमांक असतो. त्याच्या शेवटचे चार आकडे पाहा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ‘३५१८’ असेल तर टायर २०१८ च्या ३५व्या आठवड्यात बनला. बाहेरच्या बाजूला हे आकडे दिसले नाहीत, तर आतल्या बाजूला शोधा. स्टेपनीही तपासा. अनेक गाड्यांत ती गाडी घेतली तेव्हाचीच असते. ‘एकदाही वापरलेली नाही’ म्हणून ती नवी ठरत नाही.

कायद्याची मर्यादा किती?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. मोजपट्टीची गरज नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. भिंतीवर ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरे किंवा छोटा त्रिकोण जिथे असेल, त्या रेषेत ते सापडतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर बाद. ही शेवटची मर्यादा आहे. खाचांचे काम पाणी बाजूला फेकण्याचे असल्याने पावसात पकड त्याआधीच कमी झालेली असते. भिंतीवर फुगा आला असेल किंवा आतल्या तारा दिसत असतील, तर वय आणि खोली न पाहता टायर बदला.

कोणता आकार घ्यायचा?

गाडीचे नाव सांगून टायर मागू नका, आकार सांगा. ८०० सीसीच्या अल्टोला १४५/८० आर १२, तर अल्टो के-१० ला १५५/६५ आर १३ टायर येतो. नाव एक, रिम वेगळी. १४५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १२ हा रिमचा व्यास इंचात. त्यापुढे ‘७४ टी’ असे काही लिहिलेले असते. ७४ म्हणजे एका टायरची भारक्षमता ३७५ किलो आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. हे दोन्ही कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी घेऊ नका. उलट, जास्त वेगाच्या श्रेणीसाठी मुद्दाम जादा पैसे मोजण्याचीही ८०० सीसीच्या गाडीला गरज नाही.

‘थोडा रुंद टायर टाका, पकड वाढेल’ असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. १४५/८० आर १२ चा एकूण व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर. त्याच रिमवर १५५/८० टायर बसवला, तर व्यास सुमारे ५५३ मिलिमीटर होतो, म्हणजे तीन टक्के वाढ. तेवढाच स्पीडोमीटरच्या आकड्यात फरक पडतो. शिवाय पॉवर स्टीअरिंग नसेल तर वळवताना हात भरून येतात आणि मायलेजही घटू शकते. छोट्या इंजिनला मूळ आकारच मानवतो.

दोनच बदलायचे असतील तर पुढे की मागे?

बजेट कमी असेल तर दोन टायर बदलले जातात आणि नवे टायर बहुतेक वेळा पुढे बसवले जातात. इंजिनचे वजन पुढे, चाके फिरतात तीही पुढची, त्यामुळे हे पटण्यासारखे वाटते. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र नेमका उलटा आहे. नवे टायर मागे बसवा.

कारण असे. साचलेल्या पाण्यावर पुढची चाके तरंगली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढला की वेग कमी होतो आणि पकड परत येते. मागची चाके तरंगली तर गाडीची शेपटी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत एबीएस नाही, गाडी घसरताना आपोआप सावरणारी यंत्रणाही नाही. त्यामुळे मागची पकड जास्त महत्त्वाची. मात्र पुढचे टायर १.६ मिलिमीटरपर्यंत आले असतील तर चारही बदलण्याला पर्याय नाही. एकाच अ‍ॅक्सलवर एकाच कंपनीची, एकाच नक्षीची जोडी हवी.

ट्यूबलेस, रिमोल्ड की जुने बाजारातले?

रिम ट्यूबलेससाठीची असेल तरच ट्यूबलेस टायर घ्या. ती गंजलेली किंवा वाकलेली असेल तर कडेने हवा गळत राहते. अशा वेळी ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालण्याचा ‘जुगाड’ टाळा, आधी रिम दुरुस्त करा किंवा बदला. वापरलेल्या टायरच्या बाजारात खाचा पुन्हा कोरून काळा रंग दिलेले टायरही असतात. रिमोल्डमध्ये नक्षी नवी असली तरी आतला सांगाडा जुनाच असतो. कारसाठी दोन्ही नकोत. नव्या टायरवर आयएसआय चिन्ह पाहा.

सप्टेंबर २०२५ मध्ये कारच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत २,५०० रुपये असलेला टायर आधी ३,२०० रुपयांना पडत असे, तो आता २,९५० रुपयांना पडतो. चार टायरमागे हजार रुपये वाचतात. व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्यातच होऊ शकते.

दुकानात काय लक्षात ठेवाल?

- टायर बसवण्याआधी चारही टायरची तारीख पाहा. शक्यतो सहा महिन्यांच्या आतले घ्या. दुकानात पडून असलेला टायरही वयाने वाढतच असतो.
- टायरसोबत रबरी व्हॉल्व्हही नवे बसवून घ्या. खर्च किरकोळ असतो.
- जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्डावर टायरचा क्रमांक लिहून घ्या.
- हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच ठेवा. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल दाबाचा असतो.
- दाब टायर थंड असताना, दर पंधरा दिवसांनी तपासा. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते आणि टायर तापतो. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने जाताना असाच टायर फुटण्याचा धोका असतो.
- दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून घ्या. गाडी तेवढी चालत नसेल तर वर्षातून एकदा. चारही सारखे झिजले की पुढच्या वेळी ‘दोन की चार’ हा प्रश्न पडणार नाही.

गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर आधी एक ठरवा. पुनर्नोंदणी करून आणखी पाच वर्षे ती ठेवायची का? ठेवायची असेल तर आज घेतलेला चांगला टायर पाचही वर्षे साथ देईल. विकायची असेल आणि टायर सात-आठ वर्षांचे असतील, तर विक्री होईपर्यंत ती लांबच्या प्रवासाला काढू नका.