बाळाचा पहिला श्वास : ऑक्सिजन हवा, पण बेताचा



बाळंतपणाचा विषय निघाला की बैठकीत हमखास ऐकू येतं, "बाळ रडलं नाही, तरी त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला नाही." ऑक्सिजन म्हणजे जीव. मग जास्त दिला तर बिघडतं काय? बिघडतं. कसं ते बघू.

पोटात बाळाला वारेतून ऑक्सिजन मिळतो, तोही बेताचाच. जन्मल्यावर फुप्फुसं उघडतात आणि काही मिनिटांतच रक्तातला ऑक्सिजन वाढतो. लोखंडी पत्रा उघड्यावर राहिला की गंजतो, तशी जादा ऑक्सिजनने शरीरातल्या पेशींना इजा होते. डॉक्टर याला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. ही इजा थोपवायची ताकद बाळात शेवटच्या आठवड्यांत तयार होते. म्हणून कमी दिवसांच्या बाळाला हा ताण जड जातो.

पूर्वी न रडणाऱ्या बाळाला सरसकट शुद्ध ऑक्सिजन देत. 2010 मध्ये जगभरचा सल्ला बदलला. पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी पिशवी आणि मास्कने साध्या हवेचा श्वास द्यायचा, गरज पडली तर ऑक्सिजन वाढवायचा. साध्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतोच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. असा श्वास द्यायलाही त्या शिकल्या आणि घरी जन्मलेली बाळं वाचली.

आपण काय करायचं?

• बाळंतपण दवाखान्यातच करा. न्यायला 102 किंवा 108 ला फोन करा, पैसे लागत नाहीत.
• गरोदरपणात मिश्री, तंबाखू बंद. चुलीचा धूरही टाळा.
• जन्मल्यावर हातपाय थोडा वेळ निळसर दिसतात, घाबरू नका. ओठ, जीभ निळी राहिली तर लगेच नर्सताईंना सांगा.
• डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला तर तो काढायला सांगू नका. ते मोजून देतात.
• बाळ 34 आठवड्यांआधी जन्मलं किंवा वजन 2 किलोपेक्षा कमी असेल, तर 30 दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. बाळ फारच लहान असेल तर त्याआधीच. बाहेरून डोळे चांगले दिसले तरी आतला पडदा खराब होत असू शकतो. वेळेत उपचार झाले तर नजर वाचते.

तुमच्या गटात कुणाकडे असं बाळ आहे का? पुढच्या बैठकीची वाट बघू नका. आजच आशाताईंना सांगा.