लाकडात कोरलेले बुद्धवचन

भगवान बुद्धांचा जन्म, त्यांची संबोधी आणि त्यांचे महापरिनिर्वाण या तिन्ही घटनांचे स्मरण करून देणारा मंगल दिन म्हणजे वैशाखी पौर्णिमा. आज विहारांतून बुद्धवचनांचे पठण होईल. ही वचने काळाच्या ओघात लुप्त होऊ नयेत म्हणून देशोदेशींच्या उपासकांनी अपार परिश्रम केले. आपल्या सह्याद्रीत श्रद्धेने पाषाणाचा आश्रय घेतला. दूरच्या कोरियात तिने लाकडाचा घेतला.

कोरियातील गोर्यो राज्यात अकराव्या शतकात त्रिपिटकाचे लाकडी ठसे कोरण्यात आले होते. १२३२ साली मंगोल आक्रमणात ते भस्मसात झाले. राजा गोजोंग याचा दरबार त्या वेळी गांगह्वा बेटाच्या आश्रयाला गेला होता. अशा घोर संकटात, बुद्धकृपेने राज्याचे रक्षण व्हावे या संकल्पाने, तेच कार्य १२३६ साली पुनश्च आरंभिले गेले आणि १२५१ साली सिद्धीस गेले. भिक्षू सुगी यांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला.

या कामी मुख्यत्वे रानचेरी व रानटी नासपती यांचे लाकूड वापरले गेले. ते खाऱ्या पाण्यात मुरवून सावकाश वाळवीत, असे परंपरा सांगते. पातळ कागदावर सुवाच्य अक्षरात मजकूर लिहावयाचा, तो कागद फळीवर पालथा चिकटवावयाचा आणि उलट दिसणाऱ्या अक्षरांभोवतीचे लाकूड छिन्नीने कोरून काढावयाचे, अशी ही रीत. उठून राहिलेल्या अक्षरांना शाई लावून वर कागद दाबला की अक्षरे सुलट उमटत. फळीच्या प्रत्येक बाजूस साधारणतः २३ ओळी, ओळीत १४ अक्षरे! चुकलेले अक्षर तेवढेच काढून त्या जागी नवे कोरलेले अक्षर बसवीत. प्रत्येक अक्षर कोरताना कारागीर तीन वेळा वंदन करी, अशी आख्यायिका आहे. अशा ८१,२५८ फळ्या आणि त्यांवर सुमारे पाच कोटी अक्षरे आहेत.

शत्रू मात्र परतला नाही. १२५९ साली गोर्योला मंगोलांशी तह करावा लागला. मग ही सारी साधना व्यर्थ गेली काय? काळाने याचे उत्तर दिले आहे. मंगोल साम्राज्य लयास गेले. फळ्या हेइन्सा मठात आजही सुस्थितीत आहेत. त्यांचे आगर पंधराव्या शतकातले. खालच्या-वरच्या खिडक्यांचे आकार मुद्दाम भिन्न ठेवून तेथे वारा खेळता ठेवला आहे. त्या वास्तूला १९९५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, तर २००७ साली युनेस्कोने या फळ्यांची नोंद जगाच्या स्मृतिठेव्यात केली.

राज्य वाचावे म्हणून केलेल्या प्रार्थनेने अखेर वचन वाचविले. आजच्या पुण्यदिनी त्या वचनाला वंदन करताना, एकेक उलटे अक्षर धीराने कोरणाऱ्या त्या हातांचेही आपण कृतज्ञतेने स्मरण करू या.