पिल्लाचा फोटो लांबूनच



आपल्यापैकी कितीतरी जणींच्या गावाला तलाव आहे, नाहीतर धरणाचा फुगवटा आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर, नाशिककडे नांदूरमध्यमेश्वरला शहरातली माणसं मोठे कॅमेरे घेऊन पक्षी बघायला येतात. होडी, घरगुती जेवण, मुक्काम यातून गावाला चार पैसे मिळतात. पण पाहुणा म्हणतो, "ताई, होडी अजून थोडी पुढे घ्या, पिल्लं दिसतायत." तेव्हा काय करायचं? आज त्याबद्दलच बोलू या.

आधी ती लांबलचक लेन्स समजून घेऊ. तिला टेलिफोटो लेन्स म्हणतात. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून साधारण आपल्या डोळ्यांना दिसतं तेवढंच दिसतं. ४०० मिलिमीटरची लेन्स त्याच्या आठपट जवळ आणते. म्हणजे ४० मीटरवरचं पिल्लू ५ मीटरवर असल्यासारखं दिसतं. ही लेन्स केली आहे तीच मुळी जवळ जावं लागू नये म्हणून. ज्याच्याकडे ती आहे, त्याला होडी पुढे नेण्याचं कारणच नाही. मोबाईलवाल्यानं मात्र पिल्लाच्या फोटोचा हट्ट सोडावा आणि दुर्बिणीतून बघावं.

जवळ गेलं तर काय होतं? उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं आणि बेटं उघडी पडतात. तिथं नदी सुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. तापलेल्या वाळूत पिल्लांना सावली असते ती आईबापाच्या अंगाची. होडी जवळ आली की आईबाप उडतात आणि पिल्लं उन्हात उघडी पडतात. घार आणि कावळा टपलेलेच असतात.

पावसाळ्यात तळ्यावर टिबुकली दिसते. तिचं घरटं पाणवनस्पतींचं, पाण्यावर तरंगणारं. बाहेर जाताना ती अंडी शेवाळानं झाकून जाते. आपण अचानक गेलो तर झाकायलाही वेळ मिळत नाही. तिची पट्टेरी पिल्लं आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात. हा फोटो सगळ्यांनाच हवा असतो, पण पाठलाग केला की आई बुडी मारते आणि पिल्लं पाण्यावर एकटी राहतात.

टिटवीचं पिल्लू धोका दिसला की जमिनीला चिकटून गप्प बसतं. ते धीट आहे म्हणून बसलेलं नसतं, घाबरलेलं असतं. आणि मातीच्या रंगात मिसळून गेल्यामुळे चुकून पायाखालीही येतं.

म्हणून अंतर पक्ष्याला विचारायचं. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, आई मान ताठ करून बघू लागली, चोचीत भक्ष्य असूनही पिल्लाकडे जाईना, तर आपण फार जवळ आलोय. मुकाट्यानं मागे फिरायचं. घरट्यापुढचं गवत दूर करायचं नाही, तोच त्याचा आडोसा असतो. घरट्याची जागा मोबाईलवर पसरवायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच धरली आहे.

लांबून चांगला फोटो मिळतो का? मिळतो. सकाळी लवकर यावं, तेव्हा ऊन कोवळं असतं. दुपारी पाण्यावरची गरम हवा हलते आणि लांबचा फोटो धूसर येतो. काठावर बसून कॅमेरा खाली, पिल्लाच्या डोळ्याच्या उंचीला आणावा. लांब लेन्समध्ये हात जरा हलला तरी फोटो हलतो, म्हणून शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं वेगवान ठेवावं आणि लेन्सखाली पिशवी ठेवावी.

ही पिशवी आपल्या कामाची आहे बरं का! जाड कापडाची, चेन लावलेली, आत तांदूळ किंवा हरभरे भरलेली. फोटोवाले तिला बीन बॅग म्हणतात. शिलाई येणाऱ्या गटाला जुन्या जीन्समधूनही ती शिवता येईल, पाहुण्यांना भाड्यानं देता येईल.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: आपली होडी घरट्यापासून किती लांब थांबणार? आकडा ठरवा, वहीत लिहा आणि पाहुणा होडीत बसण्याआधीच त्याला सांगा. एखादा नाराज होईल, होऊ दे. पिल्लं जगली तरच पुढच्या वर्षी पक्षी येतील, आणि पक्षी आले तरच पाहुणे.