हाँगकाँगचं वार्तापत्र : अर्धा शेर आणि आठ छटाक

परवा शाम शुई पोच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. इथं चोय सम नावाची पालेभाजी मिळते, आपल्या मोहरीच्या भाजीची चुलत बहीण म्हणा. मोडक्यातोडक्या कँटोनीजमध्ये ‘अर्धा गान’ मागितली. भाजीवाल्या मावशी ‘आठ ल्योंग’ म्हणाल्या आणि शेजारच्या मासेवाल्याकडं बघून हसल्या. त्यानं लगेच कसलीशी चाल गुणगुणली. मी हातात पिशवी धरून उभा. काऊन हसून राहिले, काही कळेना.

नंतर उलगडा झाला. इथं किलो आहे, पण भाजीबाजारात जुनं वजन अजून चालतं. एक गान म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम, आणि एका गानात सोळा ल्योंग. आपल्या शेरात सोळा छटाक असायचे, तसेच. म्हणजे अर्धा गान आणि आठ ल्योंग एकच. ‘हाही तसलाच, तोही तसलाच’ म्हणायचं असेल तर इथले लोक ‘अर्धा गान, आठ ल्योंग’ म्हणतात. 1976 साली याच नावाचं एक गाणं आलं, त्याच नावाच्या सिनेमासाठी. कमी पगारात राबणाऱ्या नोकरदाराचं गाऱ्हाणं त्यात आहे. पन्नास वर्षांनंतरही मासेवाल्याला ते पाठ आहे.

गाणारा आणि लिहिणारा सॅम हुई, मूळ नाव हुई कून-किट. जन्म 1948 चा, ग्वांगझूचा. लहान असतानाच घरचे त्याला घेऊन हाँगकाँगला आले. डायमंड हिल हे झोकदार नाव असलेल्या गरीब वस्तीत पोरगा वाढला आणि हाँगकाँग विद्यापीठापर्यंत शिकला. कॉलेजच्या वयात ‘लोटस’ नावाच्या बँडमध्ये गाऊ लागला, तेही इंग्रजीत. 1971 सालचा त्याचा पहिला अल्बमही इंग्रजीच.

तेव्हाचं हाँगकाँग समजल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. राज्य इंग्रजांचं, सरकारी कागद इंग्रजीत. शाळेत लिहायला शिकवायचे ती प्रमाण चिनी, आणि घरात, चहाच्या दुकानात, भांडणात बोलायचे ती कँटोनीज. फॅशनेबल पोरं इंग्रजी गाणी ऐकायची, बाकीचे तैवानहून येणारी मंदारिन. कँटोनीज म्हणजे म्हाताऱ्यांच्या ऑपेराची आणि हमालांची भाषा, असा समज. सिनेमातूनही ती जवळजवळ गेली होती. 1973 मध्ये ‘बहात्तर भाडेकरूंचं घर’ हा कँटोनीज सिनेमा धो धो चालला, तेव्हा धंदेवाल्यांचे डोळे उघडले. फेब्रुवारी 1974 मध्ये चिनी भाषेला इंग्रजीच्या बरोबरीनं सरकारी दर्जा मिळाला. तोवर बहुतांश लोकांची भाषा कायद्याला माहीतच नव्हती!

त्याच 1974 साली सॅमचा पहिला कँटोनीज अल्बम आला : ‘ग्वाय मा स्योंग सिंग’. ‘ग्वाय मा’ म्हणजे शब्दशः भूत-घोडा, पण अर्थ बिलंदर, इब्लीस. एकूण नावाचा अर्थ ‘बिलंदर जोडी’. थोरला भाऊ मायकेल हुई यानं दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच सिनेमाचं हे नाव. सॅम त्यात कामही करत होता. जुगारी भामट्यांची ती गोष्ट हाँगकाँगमध्ये कमाईचे विक्रम मोडून गेली आणि गाणी घराघरांत पोचली. दोघा भावांची जोडी लोकांना त्यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमातून आधीच माहीत होती. त्या कार्यक्रमात 1972 साली गायलेलं एक गाणं अल्बममध्ये आहे. शब्द मायकेलचे, चाल सॅमची. जगभरचे मनोरे, डोंगर, पुतळे पाहून आलेल्या माणसाला आपल्या किनाऱ्यावरचे मासेमारीचे दिवे बरे वाटतात, असा त्याचा आशय. ते मी इथं एकट्यानं ऐकत नाही.

कँटोनीजमध्ये गाणं लिहिणं किती अवघड, हे सांगायला हवं. या भाषेत सहा सूर. एकच ‘सी’ सुराप्रमाणे कविता होते, इतिहास होते, वेळ होते, बाजारही होते. चाल वर गेली आणि शब्दाचा सूर खाली असला, तर कवितेचा बाजार होतो. त्यामुळे इथं बहुतेक वेळा चाल आधी आणि शब्द नंतर. सिनेमाच्या चालीवर भजन बसवणाऱ्या आपल्या मंडळींना हा उद्योग कळेल, फक्त इथं प्रत्येक अक्षराला पहारा. सॅमनं या पहाऱ्यातून चक्क बाजारातली बोली नेली. छापील भाषेत ज्या शब्दांना धड अक्षरं नव्हती, ते शब्द रेकॉर्डवर वाजू लागले. त्याची प्रेमगीतं गोड आहेत, पण माझ्या मते खरा सॅम थट्टेच्या गाण्यांत आहे.

पाणीकपातीवरही त्याचं गाणं आहे. वाशीमकरांनो, हसू नका. 1963 च्या दुष्काळात या शहराला चार दिवसांतून चार तास पाणी मिळत होतं. चीनमधून नळ आल्यावरही कपात अधूनमधून होत राहिली, ती 1982 पर्यंत. आपल्या एकबुर्जी धरणानं तळ गाठला की आपण जे बोलतो, त्याला या गड्यानं चाल लावली.

आपण मात्र वऱ्हाडीत बोलायचं आणि माइक दिसला की पुण्याची मराठी काढायची, हे करतच आलो. विठ्ठल वाघांसारखा कवी वऱ्हाडी गाणं सिनेमात नेतो तेव्हा आपण मान डोलावतो, आणि घरी पोरानं ‘काऊन’ म्हटलं की दटावतो. वास्तविक वाशीमची पुण्याई मोठी. हे वत्सगुल्म होतं तेव्हा, चौथ्या शतकात, इथला वाकाटक राजा सर्वसेन यानं ‘हरिविजय’ हे काव्य संस्कृत सोडून प्राकृतात लिहिलं. आज त्याचे तुकडेच तेवढे जुन्या काव्यशास्त्रकारांच्या ग्रंथांत सापडतात. सॅम नशीबवान, त्याच्या वेळी रेकॉर्ड होती.

1992 मध्ये तो निवृत्त झाला, 2004 मध्ये परत आला. एप्रिल 2020 मध्ये, शहर कोरोनानं घरात बसलेलं असताना, बंदराच्या काठी एकाही प्रेक्षकाविना उभा राहून गायला. लोकांनी ते घरी बसून पाहिलं.

1 जुलैला इथं सुट्टी असते. 1997 साली त्या दिवशी इंग्रज गेले. बरोब्बर वर्षानं, 1 जुलै 1998 ला, आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. येत्या 1 जुलैला भाजीवाल्या मावशींना आपला शेर-छटाक दाखवायचा बेत आहे. तेव्हा कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठंही कुणाच्या माळ्यावर आठ छटाकाचं जुनं वजन पडलं असेल, तर भंगारात घालू नका. गावी येईन तेव्हा घेऊन जाईन.