सुट्टीत खिचडी कुणाच्या ताटात?

मे महिना लागला की पुण्याच्या शनिवार पेठेत शिबिरांचे फलक लागतात. पोहणं, बुद्धिबळ, संस्कार वर्ग, किल्ल्यांची सहल. त्याच इमारतींमध्ये धुणंभांडी नि पोळ्यांची कामं करणाऱ्या बायका या दिवसांत मुलांना बरोबर घेऊन येतात, कारण शाळा बंद आणि घरी बघायला कुणी नाही. मुलं जिन्यात बसतात, आईची कामं उरकायची वाट बघतात. एप्रिलमध्ये महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत यांतल्या अनेकांना दुपारी खिचडी, वरणभात, उसळ मिळत होती. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत ते ताट बंद. शाळेची आहाराची नोंदवहीही तेव्हा मिटलेली असते, त्यामुळे या दीड महिन्यात ही मुलं दुपारी काय खातात हे त्या वहीतून कधीच कळत नाही.

हा कुणा अधिकाऱ्याचा हलगर्जीपणा म्हणता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातलं कलम 5 आठवीपर्यंतच्या मुलांना रोज मोफत दुपारचं जेवण देतं, ‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’. त्याआधी 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला, तेव्हा वर्षाला किमान 200 दिवसांची अट घातली. अंगणवाडीतल्या पूरक आहाराचा हिशेब मात्र 300 दिवसांचा आहे. म्हणजे मूल सहा वर्षांचं होऊन पहिलीत गेलं, की त्याचे हक्काच्या जेवणाचे दिवस एकदम कमी होतात. त्याची भूक मात्र वाढलेली असते. प्राथमिक शाळेतल्या या जेवणात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असावीत असं प्रमाण आहे. गरीब घरात दिवसभरातला हा सर्वांत भरवशाचा आहार.

सुट्टीतल्या जेवणाला एक अपवाद आहे, तो दुष्काळाचा. 20 एप्रिल 2004 च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं, की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत जेवण द्यावं. स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर मे 2016 मध्ये तेच पुन्हा बजावावं लागलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2018 मध्ये 151 तालुक्यांत आणि 2023 मध्ये 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. दोन्ही वेळा पुणे जिल्ह्यातले बारामती, दौंड, इंदापूर, पुरंदर, शिरूर हे तालुके यादीत होते. या अपवादामागे ठोस आधार आहे. अभिजीत सिंग, अल्बर्ट पार्क आणि स्टीफन डेर्कॉन यांनी आंध्र प्रदेशातल्या मुलांचा अभ्यास करून 2014 मध्ये दाखवलं, की दुष्काळामुळे मुलांच्या वाढीत पडलेली तूट शाळेतल्या जेवणाने भरून निघते.

पण जेवण जाहीर झालं म्हणून मूल पंगतीला येतंच असं नाही, आणि सुट्टीतल्या जेवणाला किती मुलं येतात याचा, म्हणजे सहभागाचा, अभ्यास इथेच अवघड होतो. एक आकडा पटावरच्या मुलांचा, दुसरा हजेरीचा, तिसरा प्रत्यक्ष जेवलेल्यांचा. सरकारी आराखड्यांत पट आणि जेवलेले यांची तुलना होते. सुट्टीत मधला आकडाच नाहीसा होतो, कारण हजेरी घ्यायला वर्गच नसतो. पटावर साठ मुलं आणि जेवायला पंधरा, एवढ्यावरून ‘गरज नाही’ असा निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं. उरलेली पंचेचाळीस मुलं कुठे आहेत, हे आधी विचारायला हवं. काही मामाच्या गावाला गेली असतील. काहींना भर उन्हात वस्तीवरून शाळेपर्यंत चालत येणं जमत नसेल. आणि कित्येक आईबापांबरोबर पुण्यात, एखाद्या बांधकामावर राहत असतील.

या शेवटच्या गटाचं मला सर्वांत वाईट वाटतं. ज्या दुष्काळामुळे गावच्या शाळेत सुट्टीतही चूल पेटते, तोच दुष्काळ त्या मुलाला गावातून उठवतो. नाव इंदापूरच्या पटावर, मूल पुण्यात. पुणे शहर दुष्काळी यादीत नाही, म्हणून इथल्या शाळेत सुट्टीत जेवण नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे त्याच्या वडिलांना शहरातल्या दुकानातून धान्य उचलता येतं. मुलाचं ताट मात्र गावच्या शाळेला बांधलेलं.

अमेरिकेत सुट्टीतल्या जेवणाची योजना 1968 पासून आहे, आणि तिथले अभ्यासक जुलैमधल्या जेवणाऱ्यांची तुलना शाळा चालू असताना मोफत किंवा सवलतीत जेवणाऱ्यांशी करतात. वर्षानुवर्षं उत्तर साधारण तेच येतं: दर सहा-सात मुलांमागे एकच मूल उन्हाळ्यात येतं. केंद्रावरच बसून खायचं, ही अट खेड्यांतल्या मुलांना फार जड गेली. 2022 च्या अखेरीस कायदा बदलून खेड्यांत ती सैल केली गेली, आणि 2024 पासून सहभागी राज्यांत पात्र मुलामागे उन्हाळ्यासाठी 120 डॉलर किराण्यासाठी मिळू लागले.

पैशाचा मार्ग आपल्याकडेही चाचपून झाला आहे. कोरोनाकाळात 2021 च्या उन्हाळी सुट्टीतल्या 35 दिवसांसाठी महाराष्ट्रात प्राथमिकच्या मुलाला 156 रुपये आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला 234 रुपये बँकेत जमा करायचं ठरलं. त्यासाठी मुलाच्या नावाचं खातं हवं. खातं उघडायला जाणं म्हणजे एक रोज बुडवणं, वर किमान शिलकीची मागणी. दीडशे रुपयांसाठी एवढं कोण करणार, असं पालक आणि शिक्षक दोघंही म्हणत होते, आणि त्यांचं बरोबर होतं. या योजनेत सहभाग कमी दिसला तर दोष पालकांच्या माथी मारता येत नाही.

दुसऱ्याच्या मुलाला जेवू घालणं या पेठांना नवं नाही. 1880 साली सुरू झालेली न्यू इंग्लिश स्कूल आज इथे रमणबागेत आहे. त्या काळी पुण्यात शिकायला आलेली कितीतरी गरीब मुलं वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. यजमानीण मुलाला नावाने ओळखायची, आला नाही तर चौकशी व्हायची. पण ही पानं बहुतांशी ब्राह्मण मुलग्यांसाठी मांडली जात. मुली आणि बहुजन-दलित मुलं त्या पंगतीत कधी मोजलीच गेली नाहीत. आजच्या अभ्यासाने ही चूक करू नये.

शनिवार पेठ आणि आसपासच्या शाळांत असा अभ्यास करणं मुळीच कठीण नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वर्गशिक्षिकेने प्रत्येक मुलाला तीन प्रश्न विचारावेत. मे महिन्यात तू कुठे असशील? दुपारी घरी कोण असतं? काल रात्री काय जेवलास? मग दोन-तीन शाळांत सकाळी नऊच्या सुमारास, ऊन चढायच्या आत, जेवण वाढून पाहावं. जिन्यात बसणाऱ्या मुलांच्या आया त्याच वेळी कामावर येतात, त्या मुलांना सोडून जातील. मूल कुठल्याही शाळेच्या पटावरचं असो, त्याला वाढावं आणि नोंद वेगळी ठेवावी. पैशाचाही प्रश्न आहे. शिजवण्याचा खर्च ताटामागे मिळतो, त्यामुळे मुलं कमी आली की चूल परवडत नाही. गावाकडे स्वयंपाक करणाऱ्या बायकांना मानधन मिळतं ते वर्षातल्या 10 महिन्यांचंच. सुट्टीत पंगत बसवायची असेल तर किमान ताटांचा खर्च आणि त्या बायकांचं अकराव्या महिन्याचं मानधन मार्चच्या अंदाजपत्रकातच धरावं लागेल.