थ्रॉटल अडकतो, आळ सेन्सरवर

जुनी एस्टीम किंवा झेन सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना मध्येच स्वतःहून रेस धरते, पुन्हा खाली बसते. पहिल्या गिअरमध्ये निघताना झटका मारते आणि ऐन गरजेच्या वेळी पिकअप देत नाही. गॅरेजमध्ये बॉनेट पुरतं उघडायच्या आत निदान होतं, "टीपीएस गेलाय साहेब, नवीन टाकू." कधी ते बरोबरही निघतं. पण टीपीएस, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, हे काही अडकणारं यंत्र नव्हे. अडकते ती बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटल बॉडीतली हवेची झडप. सेन्सर फक्त ती किती उघडली आहे ते कळवतो. या दोघांतला फरक न करताच आपल्याकडे शेकडो चांगले सेन्सर भंगारात गेले असावेत, असा माझा दाट संशय आहे.

बॉशने १९६७ साली फोक्सवागन १६०० साठी डी-जेट्रॉनिक ही इंधन-इंजेक्शन प्रणाली आणली, तेव्हापासून बटरफ्लायच्या दांड्यावर विजेचा स्विच आला. आपल्याकडे इंजेक्शनची घरोघरी ओळख व्हायला पुढे तीस वर्षं लागली. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरापुरते युरो निकष सक्तीचे केले आणि पाहता पाहता कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन, आलं. मिस्त्री मात्र तेच राहिले. कार्ब्युरेटरचा स्लो स्क्रू फिरवून कानाने इंजिन लावणारा हात थ्रॉटल बॉडीवरच्या स्क्रूकडेही त्याच सवयीने गेला. हा स्क्रू कारखान्यातच बसवलेला असतो, बटरफ्लाय बंद होताना भोकात रुतू नये एवढ्यासाठी. तो अर्धा आटा आवळला की आयडलिंग वाढतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण सेन्सरचं शून्य सरकतं आणि चालकाने एक्सलरेटर सोडलाय हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळेनासं होतं. जुन्या गाड्यांची निम्मी दुखणी अशी हाताने ओढवलेली असतात.

सेन्सर उघडला तर आत फार काही नसतं. कार्बनची एक पातळ पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा छोटासा स्पर्शक. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर व्हायची, ती याच रचनेतून. तीन वायरी असतात : एकीवरून पाच व्होल्ट येतात, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नल. पाय सोडलेला असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर चार-साडेचार. शहरात चालकाचा पाय बहुतेक वेळ वरच असतो, त्यामुळे पट्टी झिजते ती सुरुवातीच्या तेवढ्याच टप्प्यात. तिथे स्पर्शक उडाला की क्षणभर सिग्नल पडतो. कॉम्प्युटर समजतो, पाय काढला, आणि इंधन आखडतो. पुढच्याच क्षणी सिग्नल उसळतो. त्याला वाटतं, पाय दाबला, आणि तो जादा इंधन ओततो. तो झटका इथून येतो.

तपासायला काट्याचा जुना मीटर उत्तम. डिजिटल मीटरचे आकडे मागून येतात, क्षणाची उडी त्यात हरवते. इंजिन बंद, चावी ऑन, कपलरच्या मागून पिन घालून सिग्नल पकडायचा आणि दुसऱ्याने एक्सलरेटर अगदी सावकाश दाबायचा. काटा एकसंध चढला पाहिजे. मध्येच पडला तर पट्टी झिजली, किंवा कपलर सैल आहे. वायर हलवून पाहिली की तेही कळतं. पण काटा सुरळीत चढला आणि पाय सोडल्यावर पहिल्या जागी आला नाही, तर हवेचा पाइप काढून बटरफ्लाय डोळ्यांनी पाहायची. ती पूर्ण मिटली नसेल तर सेन्सर खरंच बोलतोय. मिटली असूनही आकडा चढलेलाच असेल, तर आधी अर्थ तपासा, मग सेन्सरला दोष द्या.

बटरफ्लाय अडकवतं ते बहुधा क्रँककेसमधून येणाऱ्या तेलकट वाफेचं किटण. काळं, चिकट, कडेला कड्यासारखं साचलेलं. क्लीनर फडक्यावर घ्यावा आणि पुसावं. थेट फवारा मारला तर तो दांड्याच्या फटीतून सेन्सरमध्ये उतरतो. कधी दोष केबलचा असतो; आतली तार गंजते, एखादा धागा तुटून बाहेरच्या नळीत रुततो. अशी केबल तेल घालून चालवू नये, बदलावीच. चालत्या गाडीत एक्सलरेटर वर येईना तर न्यूट्रल करून ब्रेक दाबावा. चावी लॉकपर्यंत फिरवली तर स्टिअरिंग अडकायचं.

कुर्ल्याच्या भंगारातून जुना सेन्सर आणायचा मोह होतो. तोही तितकीच वर्षं, त्याच ठिकाणी घासलेला असतो. मीटर लावल्याशिवाय घेऊ नये. बसवताना स्क्रूची भोकं लांबट असतात, म्हणून तो थोडा फिरवून बंद स्थितीतला आकडा मॅन्युअलप्रमाणे जुळवायचा, मगच आवळायचा. हे दहा मिनिटांचं काम टाळलं की नवा सेन्सरही जुन्यासारखाच वागतो, आणि मिस्त्री कॉम्प्युटरकडे बोट दाखवतो.